१९७० च्या दशकातील अल्पमोली स्टीरिओ रिसीव्हर : तंत्र, बाजारपेठ आणि श्रवणसंस्कृती – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या सांस्कृतिक इतिहासात संगीताचा विचार प्रामुख्याने गायक, वादक, संगीतकार आणि ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्या अंगाने झाला आहे. ज्या उपकरणांद्वारे हे संगीत सामान्य माणसाच्या घरात पोहोचले, त्यांचा इतिहास मात्र बहुतांशी छंदिष्टांच्या आवडीचा विषय राहिला. त्यातही संग्राहकांचे लक्ष वेधले जाते ते मोठ्या, वजनदार आणि महागड्या उपकरणांकडे. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाने, वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा नव्याने नोकरीस लागलेल्या तरुणाने विकत घेतलेला साधा, कमी क्षमतेचा स्टीरिओ रिसीव्हर इतिहासाच्या पानावर क्वचितच दिसतो. वस्तुतः संगीतश्रवणाचे जे लोकशाहीकरण १९७० च्या दशकात अमेरिकेत घडून आले, त्याचे खरे वाहन हे छोटे उपकरणच होते.

रिसीव्हर म्हणजे तीन उपकरणांचा एकाच पेटीतील संयोग होय. प्रसारण ग्रहण करणारा ट्यूनर, क्षीण संकेतांवर प्राथमिक संस्कार करणारा प्री-अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरला आवश्यक ती विद्युतशक्ती पुरवणारा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर ही ती तीन उपकरणे होत. १९५० च्या दशकात ध्वनीविषयी चोखंदळ असणारा श्रोता ही तिन्ही स्वतंत्रपणे विकत घेई. ती एकत्र आल्यामुळे जागा, तारा आणि मुख्यतः पैसा यांची बचत झाली. प्रस्तुत निबंधात अशा अल्पमोली रिसीव्हरच्या उदयाची कारणे, त्याची तांत्रिक पात्रता, त्याच्या मालकीचे सामाजिक स्वरूप आणि आजच्या काळातील त्याचे स्थान यांचा परामर्श घेतला आहे. याकरिता अमेरिका आणि जपान या दोन देशांतील घडामोडी हे मुख्य अभ्यासक्षेत्र मानले असून भारतीय संदर्भ तुलनेपुरता विचारात घेतला आहे.

पूर्वपीठिका : मानकांची निर्मिती

कोणतेही ग्राहकोपयोगी तंत्र स्वस्त होण्यापूर्वी त्याची मानके निश्चित व्हावी लागतात. रिसीव्हरच्या बाबतीत अशी तीन मानके निर्णायक ठरली. पहिले मानक एफ.एम. प्रसारणाचे होय. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याला १९३३ मध्ये या पद्धतीचे एकस्व मिळाले. वीज कडाडल्याने वा यंत्रांमुळे होणारी खरखर या पद्धतीत मोठ्या प्रमाणात टाळता येत असे. तथापि १९४५ मध्ये एफ.एम. चा पट्टा बदलण्यात आला आणि जुने सर्व संच एका निर्णयासरशी निरुपयोगी झाले. आर्मस्ट्राँगचे १९५४ मध्ये निधन झाले, तेव्हा त्याच्या शोधाचे भवितव्य अद्याप अनिश्चितच होते.

दुसरे मानक ध्वनिमुद्रिकेचे होय. १९५४ च्या सुमारास अमेरिकन कंपन्यांनी मुद्रणातील मंद्र व तार स्वरांच्या समायोजनाची एकच पद्धत स्वीकारली आणि १९५८ मध्ये एकाच खाचेत डावा व उजवा असे दोन ध्वनिप्रवाह सामावणारी स्टीरिओ ध्वनिमुद्रिका बाजारात आली. परिणामी कोणत्याही कंपनीची मुद्रिका कोणत्याही कंपनीच्या उपकरणावर योग्य प्रकारे वाजू लागली.

तिसरे मानक स्टीरिओ प्रसारणाचे. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने एप्रिल १९६१ मध्ये झेनिथ आणि जनरल इलेक्ट्रिक यांची पद्धत मान्य केली व त्याच वर्षी १ जूनपासून प्रसारणास प्रारंभ झाला. या पद्धतीतील योजकता उल्लेखनीय आहे. दोन्ही बाजूंच्या ध्वनीची बेरीज मुख्य प्रवाहात ठेवण्यात आली, तर त्यांची वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर लादण्यात आली. सोबत १९ किलोहर्ट्झचा एक मार्गदर्शक संकेत पाठवला जाई. जुन्या, एकच स्पीकर असलेल्या संचाला बेरीज ऐकू येई व त्याचे काहीही अडत नसे. नव्या संचाला बेरीज आणि वजाबाकी यांतून दोन्ही बाजू वेगळ्या काढता येत. रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर ‘स्टीरिओ’ ही अक्षरे उजळवणारा छोटा दिवा या मार्गदर्शक संकेतावरच चालत असे. १९४५ च्या निर्णयाने जुन्या संचाच्या मालकांवर जो अन्याय केला होता, तो या वेळी टाळला गेला, ही बाब इतिहासदृष्ट्या महत्त्वाची होय.

अल्पमोलीकरणाची कारणे

१९६० च्या दशकारंभी फिशर, स्कॉट, हर्मन कार्डन यांसारख्या अमेरिकन कंपन्यांचे रिसीव्हर निर्वात नळ्यांवर चालत. ते दर्जेदार होते, परंतु स्वस्त नव्हते. पुढील पंधरा वर्षांत हे चित्र पालटण्यामागे पुढील घटक कार्यरत असल्याचे दिसते.

पहिला घटक अर्थातच ट्रान्झिस्टर. दशकाच्या उत्तरार्धात सिलिकॉन ट्रान्झिस्टर विश्वासार्ह व स्वस्त झाला. नळीच्या अ‍ॅम्प्लिफायरला लागणारा वजनदार आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यामुळे अनावश्यक ठरला. उष्णता, आकार आणि किंमत या तिन्हींत घट झाली. १९७० च्या दशकात स्टीरिओ संकेताची उकल करणारे एकात्मिक परिपथ उपलब्ध झाले, तेव्हा पूर्वी कुशल कामगाराला हाताने जुळवावी लागणारी अनेक वेटोळी वगळता आली.

दुसरा घटक जपानी उद्योगाचा. नोझोमू मात्सुमोतो यांनी १९३८ मध्ये स्थापन केलेली पायोनियर, १९४६ मधील ट्रायो (पुढे केनवुड) आणि १९४७ मधील सान्सुई या कंपन्यांनी अमेरिकन बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून उत्पादन वाढवले. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन हा स्थिर दर होता आणि तो जपानी निर्यातदाराच्या पथ्यावर पडणारा होता. सॉल मॅरान्ट्झ यांनी न्यूयॉर्कमध्ये उभारलेली अमेरिकन कंपनीही १९६४ मध्ये सुपरस्कोपकडे गेली आणि पुढे तिचे बरेचसे उत्पादन जपानमध्ये होऊ लागले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात आशियात तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांना लष्करी भांडारांतून जपानी ध्वनिउपकरणे सवलतीच्या दरात मिळत. मायदेशी परतणाऱ्या या सैनिकांच्या सामानातून जपानी नावे अमेरिकन घरांत शिरली.

तिसरा घटक शासकीय धोरणाचा आहे. एकाच मालकाचे ए.एम. आणि एफ.एम. केंद्र असल्यास दोहोंवर एकच कार्यक्रम पूर्णवेळ प्रसारित करण्यास दळणवळण आयोगाने १९६४ मध्ये मोठ्या शहरांपुरती मर्यादा घातली. नवे कार्यक्रम हवेत म्हणून केंद्रचालकांनी नव्या प्रयोगांना वाव दिला. सॅन फ्रान्सिस्को येथील के.एम.पी.एक्स. या केंद्रावर टॉम डोनाह्यू यांनी १९६७ मध्ये सुरू केलेले, दीर्घ रचना अखंड वाजवणारे रॉक संगीताचे कार्यक्रम हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एफ.एम. च्या श्रोत्यांची संख्या ए.एम. पेक्षा अधिक झाली. ऐकण्यासारखे काही निर्माण झाले, म्हणूनच ऐकण्याचे साधन घरोघरी गेले; केवळ साधन स्वस्त होऊन भागले नसते.

क्षमतेची उतरंड आणि १९७४ चा नियम

या काळातील कंपन्यांनी आपल्या रिसीव्हरची मांडणी एखाद्या जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे केली होती. मॅरान्ट्झच्या नमुन्यांचे क्रमांकच पाहिले तरी हे स्पष्ट होते. २२१५, २२३०, २२४५ आणि २२७० या क्रमांकांतील शेवटचे दोन अंक म्हणजे प्रत्येक बाजूस मिळणारे वॅट होत. ग्राहकाची ऐपत जणू उपकरणाच्या कपाळावरच लिहिलेली असे. पायोनियरच्या मालिकेत खालच्या पायरीवर एस.एक्स.-४५० हा प्रत्येकी १५ वॅटचा नमुना होता, तर १९७८ मध्ये आलेला एस.एक्स.-१९८० हा प्रत्येकी २७० वॅटचा आणि सुमारे ३५ किलो वजनाचा होता.

तथापि वॅट हा आकडा आरंभी विश्वासार्ह नव्हता. क्षणिक शक्ती, दोन्ही बाजूंची बेरीज, विरूपणाचा विचार न करता मोजलेली शक्ती अशा नाना युक्त्यांनी जाहिरातीतील आकडे फुगवले जात. या गोंधळाचा खरा फटका अल्प उत्पन्नाच्या ग्राहकाला बसे. श्रीमंत ग्राहक जाणकार विक्रेत्याकडे जाऊन उपकरण ऐकून घेऊ शके. काटकसरीने पैसा जमवणारा मात्र जाहिरातीतील आकड्यावरच विसंबून राही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७४ मध्ये केलेल्या नियमाने ही स्थिती बदलली. दोन्ही बाजू एकाच वेळी कार्यरत असताना, विशिष्ट रोधावर, ठरावीक कंप्रता-कक्षेत आणि जाहीर केलेल्या विरूपणाच्या मर्यादेत सतत मिळणारी शक्ती सांगणे बंधनकारक झाले. मोजणीपूर्वी उपकरण एक तृतीयांश शक्तीवर तासभर चालवण्याची अटही होती. ही अट कठोर होती. उपकरण तापून बिघडू नये म्हणून निर्मात्यांना उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पत्रे व ट्रान्सफॉर्मर यांबाबत हात आखडता घेता आला नाही. या दशकातील छोटे रिसीव्हरही मजबूत का आहेत, या प्रश्नाचे एक उत्तर या नियमात सापडते. हा नियम कालबाह्य ठरलेला नाही. २०२४ मध्ये त्यात सुधारणा करून तो अधिक काटेकोर करण्यात आला.

पंधरा वॅटची पात्रता

अल्पमोली म्हणजे निकृष्ट, हे समीकरण येथे तपासून पाहणे आवश्यक ठरते. मानवी श्रवण शक्तीच्या प्रमाणात वाढत नाही. शक्ती दुप्पट केली असता ध्वनिपातळीत केवळ ३ डेसिबलची वाढ होते. आवाज दुप्पट भासण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. या हिशेबाने १५ आणि २७० वॅट यांत अठरा पटींचा फरक असला, तरी तो सुमारे १२.५ डेसिबल इतकाच भरतो. कानाला मोठा रिसीव्हर अडीचपटही मोठा वाटत नाही. एक वॅटला एक मीटर अंतरावर ९० डेसिबल देणारा स्पीकर जोडला असता १५ वॅटवर जवळजवळ १०२ डेसिबलची पातळी गाठता येते. निवासी खोलीतील नित्याच्या श्रवणात सरासरी एक वॅटही खर्च होत नाही. उरलेली शक्ती राखीव असते ती तबल्याच्या थापेसारख्या वा पियानोच्या आघातासारख्या क्षणिक उसळीसाठी.

अर्थात स्पीकरची निवड येथे महत्त्वाची ठरते. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये प्रचारात आणलेल्या बंदिस्त हवेच्या तत्त्वावरील छोट्या स्पीकरमुळे लहान खोलीतही खोल मंद्र स्वर ऐकणे शक्य झाले, परंतु असे स्पीकर अधिक शक्तीची अपेक्षा करीत. म्हणजेच एका बाजूची बचत दुसऱ्या बाजूस खर्च वाढवी. अल्प क्षमतेच्या रिसीव्हरच्या मालकाला हा तोल सांभाळूनच जोडणी करावी लागे.

निर्मात्यांनी काटकसर कोठे केली, हेही पाहण्यासारखे आहे. लाकडाच्या जागी लाकडाचा आभास निर्माण करणारे आवरण आले किंवा लाकडी पेटी स्वतंत्र किमतीस विकली गेली; दोन मापकांऐवजी एकच मापक ठेवला गेला; दुसरा टेप जोडण्याची सोय वगळली गेली; ट्यूनरमधील टप्पे कमी केले गेले. दूरच्या, क्षीण केंद्राच्या बाबतीत हा उणेपणा जाणवे. स्टीरिओ प्रसारण मुळातच अधिक खरखर करणारे असल्याने अशा वेळी श्रोता ‘मोनो’चे बटन दाबून आवाज निवळ करून घेई. परंतु शहरातील प्रबळ केंद्र अथवा ध्वनिमुद्रिका ऐकताना ही तफावत फारशी उरत नसे.

मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅडव्हेंट कंपनीचा ‘३००’ हा रिसीव्हर या संदर्भात विशेष उल्लेखनीय ठरतो. हेन्री क्लॉस यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रत्येकी १५ वॅटचा हा साधा रिसीव्हर आणला. त्यातील ध्वनिमुद्रिकेसाठीचा प्री-अ‍ॅम्प्लिफायर टॉमलिन्सन होल्मन यांनी रचला होता आणि तो कितीतरी महाग उपकरणांच्या तोडीचा मानला गेला. होल्मन पुढे लुकासफिल्ममध्ये गेले आणि १९८३ मध्ये चित्रपटगृहांसाठी टी.एच.एक्स. या ध्वनिमानकाचे शिल्पकार ठरले. उत्तम बुद्धी स्वस्त वस्तूवरही खर्च करता येते, याचे हे उदाहरण होय.

मालकी आणि श्रवण : सामाजिक आशय

अशा रिसीव्हरची मालकी ही बहुधा माणसाच्या स्वतंत्र आयुष्याच्या आरंभाशी निगडित असे. वडिलांच्या दिवाणखान्यातील लाकडी कपाटवजा रेडिओग्राम हा कुटुंबाचा होता. रिसीव्हर मात्र व्यक्तीचा होता. पहिल्या पगारातून किंवा सुटीतील कामाच्या मजुरीतून घेतलेला रिसीव्हर, एक तबकडीवादक आणि दोन स्पीकर एवढ्या सामग्रीवर वसतिगृहातील खोलीचे श्रवणगृह होई. कोणत्या केंद्रावर काटा स्थिरावावा, याचा निर्णय आता घरातील वडीलधाऱ्यांकडे राहिला नाही.

श्रवणाची कृतीही या उपकरणाने घडवली. जड चक्राला जोडलेले ट्यूनिंगचे बटन फिरवताना काटा मंदपणे सरकतो, मापकाची सुई मध्यावर येते, केंद्र लागते आणि स्टीरिओचा दिवा उजळतो. यात हात, डोळा आणि कान तिघांचाही सहभाग असतो. रात्री शेजाऱ्यांची झोप न मोडता ऐकता यावे म्हणून ‘लाउडनेस’चे बटन असे. कमी आवाजात मानवी कानाला मंद्र स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले होते. त्याची भरपाई हे बटन करी. दाट वस्तीत, पातळ भिंतींच्या घरात राहणाऱ्या श्रोत्यालाच या सोयीचे मोल अधिक होते.

भारतीय संदर्भ

याच काळात भारतातील स्थिती सर्वस्वी भिन्न होती. परकीय चलनाची टंचाई, आयात परवाने आणि जबर जकात यांमुळे परदेशी रिसीव्हर सामान्य मराठी कुटुंबाच्या आवाक्यापलीकडे होता. रेडिओ बाळगण्यासाठीही परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात संपुष्टात आली. आकाशवाणीचे एफ.एम. प्रसारण मद्रास येथे २३ जुलै १९७७ रोजी सुरू झाले, तेव्हा अमेरिकेत स्टीरिओ प्रसारणाला सोळा वर्षे उलटून गेली होती. महाराष्ट्रातील बहुसंख्य श्रोते मध्यमलहरींवरील आकाशवाणी व विविध भारती एकाच स्पीकरवर ऐकत होते.

येथे श्रवणाचे व्यक्तिगतीकरण रिसीव्हरने नव्हे, तर रेडिओ आणि कॅसेट यांचा मेळ घालणाऱ्या ‘टू-इन-वन’ने घडवले. आखाती देशांत नोकरीस गेलेल्या कोकणातील व केरळातील कामगारांच्या सामानातून ते गावोगाव आले. व्हिएतनामहून परतणारा अमेरिकन सैनिक आणि आखातातून परतणारा रत्नागिरीचा कामगार यांच्या परिस्थितीत मोठे अंतर असले, तरी परक्या भूमीवरील कमाईतून घरी संगीत आणण्याची ही प्रक्रिया समांतर आहे. एक फरक मात्र नजरेआड करता येत नाही. भारतीय बाजारपेठेत पुढील काळात ‘पी.एम.पी.ओ.’ या नावाने शेकडो, हजारो वॅटचे आकडे सर्रास जाहिरातीत झळकले. १९७४ च्या नियमाने अमेरिकन रिसीव्हरच्या ग्राहकाला जे संरक्षण दिले, ते येथील ग्राहकाला लाभले नाही.

ऱ्हास आणि उत्तरायुष्य

१९७८ मध्ये येनचा दर एका डॉलरला दोनशेच्याही खाली उतरला. किंमत न वाढवता उत्पादन करायचे, तर साहित्यात काटकसर अटळ होती. धातूच्या जागी प्लॅस्टिक, सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी बंद ठोकळ्यातील परिपथ आणि फिरत्या काट्याऐवजी अंकदर्शक असे बदल होत गेले. १९८२ मध्ये काँपॅक्ट डिस्क आली आणि त्यानंतर गृहचित्रपटाच्या गरजेतून रिसीव्हरचे स्वरूपच बदलले. जुने रिसीव्हर तळघरांत व जुन्या बाजारांत जाऊन पडले.

तरीही ते नष्ट झाले नाहीत. याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. सुटे भाग मोठे व डोळ्यांनी ओळखता येण्याजोगे असल्याने ते बदलता येतात. कालौघात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात, आवाजाच्या बटनांत धूळ बसून खरखर होते, डायलमागील दिवे जातात. हे तिन्ही दोष साध्या हत्यारांनी दूर करता येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ज्या प्रकारचे कारागिरीचे ज्ञान पिढ्यानपिढ्या टिकले, त्याच ज्ञानावर हे उपकरण जगते. अमेरिकेत २०२२ मध्ये १९८७ नंतर प्रथमच ध्वनिमुद्रिकांचे विकले गेलेले नग काँपॅक्ट डिस्कपेक्षा अधिक भरले. या पुनरुज्जीवनाने जुन्या रिसीव्हरच्या पाठीमागील तबकडीवादकाच्या जोडणीला पुन्हा अर्थ प्राप्त झाला.

मात्र ट्यूनरचे भवितव्य मालकाच्या हाती नाही. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफ.एम. प्रसारण बंद करून अंकीय प्रसारण स्वीकारले. तेथील सुस्थितीतील रिसीव्हरचा अर्धा भाग त्यामुळे जवळजवळ मुका झाला. १९४५ मध्ये आर्मस्ट्राँगच्या श्रोत्यांवर जो प्रसंग ओढवला, त्याचीच ही पुनरावृत्ती म्हणावी लागेल. दुरुस्ती उपकरणाला वाचवू शकते, प्रसारणाला नाही.

निष्कर्ष

१. अल्पमोली स्टीरिओ रिसीव्हरचा उदय हा केवळ तंत्रज्ञानाचा परिणाम नसून सामायिक मानके, चलनदर, लष्करी व्यवहार आणि प्रसारणविषयक धोरण यांच्या संयोगाचे फलित होय.

२. १९७४ च्या नियमाने अल्प उत्पन्नाच्या ग्राहकाला खात्रीलायक माहिती आणि टिकाऊ वस्तू या दोन्ही गोष्टी मिळवून दिल्या. अशा नियमाच्या अभावी काय घडते, हे भारतीय बाजारपेठेने दाखवून दिले.

३. महाग व स्वस्त रिसीव्हर यांतील अंतर हे मुख्यतः ऐश्वर्याचे व राखीव शक्तीचे होते. नित्याच्या श्रवणात संगीताचा गाभा दोहोंतही सारखाच पोहोचत होता.

४. जुन्या उपकरणाचे आयुष्य दोन गोष्टींवर अवलंबून असते. दुरुस्तीक्षम रचना निर्मात्याने द्यावयाची असते आणि मानकांचे सातत्य शासनाने राखावयाचे असते. पन्नास वर्षांपूर्वीचा पंधरा वॅटचा रिसीव्हर आजही वाजतो, तो या दोहोंच्या आधारावर; यांपैकी एक जरी ढासळला, तरी सर्वांत आधी वंचित होतो तो अल्प साधनांनिशी ऐकणारा श्रोता.